उंच मुलांसाठी शाळेत योग्य मापाचा बाक कसा मिळवावा

माझी मुलगी चौथीत गेली तेव्हा तिची उंची 151 सेंमी होती आणि तिच्या वर्गातील बाक मात्र सव्वाशे-एकशेतीस सेंमी उंचीच्या मुलांना बेताचे होते. जून महिन्यातच ती बाकावर तिरकी बसू लागली, वहीला छाती टेकवून लिहू लागली आणि घरी आल्यावर मान दुखते म्हणून सांगू लागली. पहिले दोन महिने आम्ही तिलाच "नीट बस" असे बजावत राहिलो. नीट बसायला तेथे जागाच नव्हती, हे मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतः मोजपट्टी घेऊन वर्गात गेले तेव्हा कळले. त्यानंतर बाक हाती येईपर्यंत आमचे जवळजवळ अर्धे वर्ष गेले, कारण कोणते माप घ्यायचे, अर्ज कोणाकडे करायचा आणि कारागिराला काय सांगायचे हे सांगणारे कोणी भेटले नाही. हा लेख जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत मूल असलेल्या पालकांसाठी प्रामुख्याने लिहिला आहे. खाजगी शाळेतील पालकांना अर्जाचा टप्पा थोडा वेगळा पडेल, त्याचा उल्लेख त्या ठिकाणी केला आहे.

1. अडचण बाकाचीच आहे का, हे आधी पाहा

वर्ग चालू असताना शिक्षकांची परवानगी घेऊन दहा-पंधरा मिनिटे मागच्या बाजूला उभे राहा आणि मुलाला नकळत पाहा. गुडघे बाकाच्या कप्प्याला टेकतात का, त्यामुळे पाय एका बाजूला काढून बसावे लागते का, लिहिताना पाठीचा कणा पार गोल होतो का, मूल वारंवार बाकाच्या कडेवर सरकते का, या चार गोष्टींकडे लक्ष द्या. एकाच अंगाला वळून बसण्याची सवय ही माझ्या पाहण्यात सर्वांत खात्रीची खूण आहे. मात्र मूल वहीत फार वाकून पाहत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, कारण चष्म्याची गरज असलेले मूलही तसेच वाकते आणि मग बाक बदलूनही काही फरक पडत नाही.

येथेच उंचीबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलीची मध्यम उंची 138.6 सेंमी आणि मुलाची 137.8 सेंमी असते, म्हणजे या वयात मुली मुलांपेक्षा किंचित उंच असतात. त्यांची वयात येतानाची वाढही मुलांच्या आधी सुरू होते. त्यामुळे चौथी-पाचवीच्या वर्गातील सर्वांत उंच मूल पुष्कळदा मुलगीच असते. आईवडील उंच असतील तर यात काळजीचे काही नाही. परंतु उंची एकाएकी फार वाढली असेल, किंवा मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या असतील, तर बाकाच्या आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षे वयाच्या भारतीय मुलांसाठी सुधारित वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत; डॉक्टर त्या तक्त्यावर उंचीची नोंद करून देतील, आणि तो कागद पुढे अर्जासोबत जोडण्यासही उपयोगी पडतो.

2. मुलाची मापे बसलेल्या स्थितीत घ्या

बहुतेक सर्व गोंधळ येथे होतो. शाळा बाक मागवते ती इयत्तेच्या हिशेबाने, पालक बोलतात ते उंचीच्या हिशेबाने, आणि बाक बसतो किंवा बसत नाही तो पायाच्या, मांडीच्या आणि कोपराच्या मापाने. एकाच उंचीच्या दोन मुलांमध्ये एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असू शकते, आणि मग दोघांना लागणारी बैठक वेगळी असते. म्हणून मूल एका सपाट स्टुलावर बसवा. स्टुलाची उंची अशी हवी की दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. स्टूल उंच असेल तर पायाखाली जाड वह्या किंवा पाट सरकवून हा काटकोन साधा आणि मापे त्या पाटापासून घ्या. मग पुढील चार मापे कागदावर लिहा.

अ) तळव्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची उंची. गुडघ्यामागे जी खोलगट जागा असते तिच्या अगदी खाली, मांडीच्या तळाशी माप घ्यावे. यावरून बैठकीची उंची ठरते.

आ) पाठीच्या मागच्या टोकापासून, म्हणजे पार्श्वभागाच्या मागून, त्याच लवणीपर्यंतची लांबी. मूल भिंतीला चिकटवून बसवले की हे माप सोपे जाते. यावरून बैठकीची खोली ठरते.

इ) बैठकीपासून मांडीच्या सर्वांत जाड भागापर्यंतची उंची. डेस्कखाली किती मोकळी जागा हवी ते यावरून कळते, आणि नेमके हेच माप सर्वजण विसरतात.

ई) खांदे सैल सोडून, दंड अंगालगत ठेवून, कोपर काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची. यावरून लिहिण्याच्या फळीची उंची ठरते.

चप्पल-बुटांचा प्रश्न येथे येतो. आमच्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढून ठेवतात, तेव्हा अनवाणी माप बरोबर ठरले. जेथे मुले दिवसभर बूट घालून बसतात तेथे बुटांसह मोजावे. बुटाच्या तळाची जाडी दोन सेंमीच्या आसपास असली तरी बैठकीच्या उंचीत ती जाणवते. मापे एकदा सकाळी आणि एकदा दुसऱ्या दिवशी, अशी दोनदा घ्या. माझ्या पहिल्या दोन मोजण्यांत कोपराच्या उंचीत तीन सेंमींचा फरक आला होता, कारण पहिल्या वेळी मुलीने खांदे वर उचलून धरले होते.

माझ्या मुलीची मापे अशी निघाली: लवणीची उंची 39 सेंमी, बैठकीची लांबी 42 सेंमी, मांडीची जाडी 12 सेंमी, कोपराची उंची 21 सेंमी. पुढचा सर्व हिशेब मी याच आकड्यांवर दाखवणार आहे, म्हणजे आपले आकडे घालून तुम्हाला तो करता येईल.

3. वर्गातील बाक मोजा

आपल्याकडे बहुसंख्य शाळांत लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर फळ्या बसवलेला, बैठक आणि डेस्क एकत्र जोडलेला, दोघांचा बाक असतो. त्याची पाच मापे घ्या: जमिनीपासून बैठकीची उंची, बैठकीच्या फळीची रुंदी (म्हणजेच बैठकीची खोली), जमिनीपासून डेस्कच्या फळीची उंची (फळी उतरती असेल तर मुलाच्या बाजूच्या कडेची), जमिनीपासून दप्तराच्या कप्प्याच्या तळापर्यंतची उंची, आणि बैठकीची पुढची कड व डेस्कची मुलाकडची कड यांमधील आडवे अंतर.

यांपैकी कप्पा हा खरा सापळा आहे. डेस्क पुरेसा उंच दिसतो, पण त्याच्या खाली दहा-बारा सेंमी खोल पत्र्याचा कप्पा असतो आणि मुलाच्या मांड्या जातात त्या त्याच्याखाली. आमच्या वर्गातील बाकाची बैठक 33 सेंमी, डेस्क 56 सेंमी आणि कप्प्याचा तळ 44 सेंमी उंचीवर होता. बैठक पायापेक्षा सहा सेंमी बुटकी असल्यामुळे मुलीचे गुडघे वर येत आणि ते 47 सेंमीपर्यंत पोचत, म्हणजे कप्प्याच्या तळापेक्षा तीन सेंमी वर. ते गुडघे कप्प्याखाली जाणे शक्यच नव्हते. ती तिरकी का बसत होती याचे उत्तर एवढ्या एका वजाबाकीत होते.

4. दोन्ही मापे जुळवून पाहा

बैठकीची उंची लवणीच्या उंचीइतकी किंवा तिच्यापेक्षा एखादा सेंमी कमी असावी. आमच्यासाठी ती 38 सेंमी. बैठक थोडी बुटकी असली तर मूल निभावून नेते. उंच असली तर पाय लोंबकळतात, मांडीच्या खालच्या बाजूला फळीची कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात, म्हणून शंका आली तर कमी उंची निवडा. बैठकीची खोली लांबीच्या मापापेक्षा चारेक सेंमी कमी असावी, म्हणजे पाठ टेकल्यावरही लवणीमागे दोन-तीन बोटे जागा राहते. डेस्कची उंची म्हणजे बैठकीची उंची अधिक कोपराची उंची अधिक सुमारे 3 सेंमी: आमच्यासाठी 38, 21 आणि 3 मिळून 62 सेंमी. डेस्कखालची मोकळी जागा म्हणजे बैठकीची उंची अधिक मांडीची जाडी अधिक किमान 2 सेंमी: 38, 12 आणि 2 मिळून 52 सेंमी. याचा अर्थ असा की 62 सेंमी उंचीच्या डेस्कमध्ये दोन सेंमी जाडीची फळी वजा जाता कप्प्याला आठ सेंमीपेक्षा जास्त खोली परवडत नाही.

आपला हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे का हे ताडून पाहण्यासाठी युरोपातील शालेय बाक-खुर्च्यांचे ईएन 1729 हे मानक चांगले आहे. त्यात मापांना क्रमांक आणि रंग दिलेले आहेत. क्रमांक 3, पिवळा, हा 119 ते 142 सेंमी उंचीच्या मुलांसाठी असून त्यात बैठक 35 सेंमी आणि टेबल 59 सेंमी असते. क्रमांक 4, लाल, हा 133 ते 159 सेंमी उंचीसाठी, बैठक 38 आणि टेबल 64 सेंमी. क्रमांक 5, हिरवा, हा 146 ते 176.5 सेंमी उंचीसाठी, बैठक 43 आणि टेबल 71 सेंमी. माझी मुलगी 151 सेंमीची असल्यामुळे नुसत्या उंचीवरून ती लाल आणि हिरवा या दोन्ही गटांत बसत होती. 39 सेंमीच्या लवणीमुळे तिचे माप लालच आहे हे ठरले. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी पालकांना खुर्चीच्या अंगावरच हा क्रमांक किंवा रंगाची खूण पाहायला मिळू शकते, आणि तेथे शिक्षकांशी बोलताना "एक माप मोठी खुर्ची हवी" एवढे सांगणे पुरते.

5. नवीन बाक मागण्यापूर्वी शाळेतच शोधा

शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग असतील तर वरच्या वर्गांतील बाक मोजून पाहा. उन्हाळ्यात रंगरंगोटीच्या वेळी बाक इकडून तिकडे हलवले जातात आणि कोणत्या वर्गात कोणते माप गेले याचा हिशेब राहत नाही, त्यामुळे पाचवीच्या वर्गात चुकून गेलेला हवा तसा बाक सापडण्याची शक्यता बरीच असते. मात्र "मोठ्या मुलांचा बाक आणू" हा उत्साह मोजपट्टी सोबत असेल तरच करावा. आम्ही शेजारच्या माध्यमिक शाळेतून आठवीचा एक बाक उसना आणला होता. त्याची बैठक 43 सेंमी निघाली आणि मुलगी टाचा उचलून, चवड्यांवर बसू लागली. चार दिवसांत तो परत गेला.

अधलामधला उपाय म्हणून आहे त्याच बाकाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून चाचणी घेता येते, आणि पुढे पैसे खर्च करायचे असतील तर ही चाचणी आधी घ्यावीच. ठोकळे चारही सारख्या जाडीचे हवेत, आणि त्यांच्या वरच्या बाजूला पाय बसेल एवढी खाच कोरून घ्यावी, नाहीतर बाक हलवताना ठोकळा निसटतो. विटा लावू नका; त्या फुटतात आणि लोखंडी पायाखालून सरकतात. त्या बाकावर आठवडाभर मुलाला बसू द्या आणि एकदा तरी पंधरा मिनिटे सलग शुद्धलेखन लिहिताना पाहा.

6. अर्ज कोणाकडे आणि कसा करावा

सुरुवात वर्गशिक्षकांपासून करा. आमच्या बाईंना मी मापांचा कागद दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आम्हांला वाटायचं तिला बसायचीच सवय वाईट आहे." यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण मीही तेच मानत होते. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तक्रारीचा सूर ठेवू नका. मुलाचे नाव, इयत्ता, उंची, चार मापे, बाकाची पाच मापे आणि दोन्हींतील फरक एवढे लिहिले की मजकूर आपोआप पुरेसा ठोस होतो. "योग्य आसनव्यवस्था करावी" अशा गोल विनंतीवर कोणालाही काही करता येत नाही. "38 सेंमी बैठक आणि 62 सेंमी डेस्क असलेला बाक" या विनंतीवर करता येते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे, आणि कलम 22 नुसार शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही समितीकडे येते. तुमचा अर्ज समितीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी विनंती मुख्याध्यापकांना करा आणि सभेला उपस्थित राहा. ठरावात मापे आकड्यांनिशी लिहून घ्या. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती लागू नाही. तेथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे तोच कागद द्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शाळांची जी वार्षिक माहिती यू-डायस प्रणालीत भरली जाते, तिच्यात किती विद्यार्थ्यांसाठी बाक उपलब्ध आहेत याची नोंद होते. बाक कोणत्या मापाचे आहेत याचा त्या मोजणीशी संबंध येत नाही. त्यामुळे "आमच्याकडे सर्वांना बाक आहेत" हे उत्तर तुम्हाला मिळेल आणि ते खरेही असेल. तेथे वाद न घालता मापांचा कागद पुढे करा.

मुलाला उंचीबरोबर सांध्यांचा, पाठीच्या कण्याचा किंवा हालचालीचा काही त्रास असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या तज्ज्ञांशीही संपर्क साधा, कारण विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या साहित्याची वाट वेगळी आहे. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

7. लागणारी कागदपत्रे आणि साधने

मोजण्यासाठी लोखंडी मोजपट्टी, गुण्या, सपाट स्टूल आणि वही लागेल. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती वाकते आणि माप वाढवून दाखवते. कागदपत्रांत पुढील गोष्टी एका फाइलमध्ये लावून ठेवा:

– मापांचा तक्ता, तारखेसह आणि शक्यतो वर्गशिक्षकांच्या सहीसह
– मूल बाकावर बसलेले असताना बाजूने काढलेले दोन फोटो (त्यांत इतर मुलांचे चेहरे येऊ देऊ नका)
– मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जाची पोच
– समितीच्या ठरावाची प्रत
– तीन दुकानांची दरपत्रके, सर्वांत एकच मापे लिहिलेली
– आवश्यक असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र
– बाक देणगी म्हणून देत असाल तर देणगीपत्र आणि बिल

8. पैसे कोठून येतात

एका बाकासाठी मोठ्या योजनेच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातून दुरुस्तीचा खर्च करता येतो, पण अनुदान केव्हा जमा होते आणि त्यावर आधीच किती गोष्टींचा दावा आहे हे मुख्याध्यापकच सांगू शकतील. एकापेक्षा जास्त मुलांचा प्रश्न असेल, आणि एकदा मोजायला लागल्यावर तो तसा निघतोच, तर ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या बाकांचा विषय घालता येतो. पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत समितीचा ठराव हातात असलेला बरा. तिसरा मार्ग लोकसहभागाचा. गावातील एखादा माजी विद्यार्थी बाक द्यायला तयार असतो, पण त्याला मापे न दिल्यास तो बाजारात मिळेल तो बाक घेऊन येतो, मग त्यावर देणगीदाराचे नाव रंगवले जाते आणि तो कोणाला बसत नाही हे सांगण्याची सोय राहत नाही.

9. बाक वाढवून किंवा बनवून घेणे

शाळेचा बाक ही शासकीय मालमत्ता असते आणि त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, असते. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय तो कापू किंवा वेल्डिंगला नेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. नवीन बाक दिलात तर त्याचीही नोंद त्या वहीत झाल्याची खात्री करा.

आमची पहिली चूक येथे झाली. फॅब्रिकेशनच्या दुकानात आम्ही "बाक तीन इंच वाढवा" एवढेच सांगितले. त्याने चारही पाय तीन इंचांनी, म्हणजे साडेसात सेंमींनी वाढवले. बैठक आणि डेस्क एकाच सांगाड्यात असल्यामुळे दोन्ही सारखेच वर गेले: डेस्क साडेत्रेसष्ट झाला, तो चालला असता, पण बैठक साडेचाळीस झाली आणि मुलीचे पाय लोंबकळू लागले. दुसऱ्या खेपेला मी आकडे घेऊन बसले. पाय पाच सेंमींनीच वाढवले तर बैठक 38 आणि डेस्क 61 येतो, म्हणजे हवा त्यापेक्षा केवळ एक सेंमी कमी; अडचण उरते ती कप्प्याची, कारण त्याचा तळ 49 वर येतो आणि आम्हांला 52 हवे होते. म्हणून त्या बाकाचा कप्पा काढून टाकला आणि दप्तरासाठी डेस्कच्या बाहेरच्या बाजूला आकडा बसवला. नवीन बाकाची गरजच पडली नाही. तुम्हीही दरपत्रक मागण्यापूर्वी हा हिशेब करून पाहा.

कारागिराशी बोलताना इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांतच बोलावे लागते, तेव्हा आकडे घरूनच बदलून न्या. 38 सेंमी म्हणजे 15 इंच आणि 62 सेंमी म्हणजे 24 इंच 3 सूत. दुकानात उभ्या उभ्या केलेल्या रूपांतरात एक इंच कोठे जातो ते कळत नाही.

पाय कायमचे जोडून घेण्यापेक्षा सरकते करून घ्यावेत. बाकाच्या पायांचा चौकोनी पाइप 25 मिमीचा आणि 16 गेजचा (म्हणजे सुमारे 1.6 मिमी जाड पत्र्याचा) असेल तर त्याच्या आत 20 मिमीचा पाइप थोडी ढिलाई ठेवून सरकतो. त्यात अडीच-तीन सेंमी अंतराने भोके पाडून नट-बोल्टने घट्ट केले की पुढील वर्षी तोच बाक आणखी वाढवता येतो. आतला पाइप किमान दहा-बारा सेंमी बाहेरच्या पाइपमध्ये राहिला पाहिजे, अन्यथा बाक डुलतो. बोल्टची टोके आतल्या बाजूला, मुलाच्या पायाकडे, येऊ देऊ नका. पाय वाढवल्यावर बाक मागे कलंडत नाही ना हे पाहण्यासाठी एका मोठ्या माणसाने पाठीवर रेलून बसावे. कलंडत असेल तर तळाशी मागे जाणारी पट्टी वाढवावी लागते.

बैठकीची फळी अनेक बाकांत 25 ते 28 सेंमी रुंद असते, आणि उंच मुलाला ती अपुरी पडते. तिला जोड द्यायचा तो मागच्या बाजूने द्यावा आणि पाठीची फळी तेवढीच मागे सरकवावी. पुढून जोड दिला तर बैठक आणि डेस्क यांमधील अंतर कमी होऊन मुलाला उठता-बसता येत नाही.

रंगाबाबत एक सूचना. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, परंतु औद्योगिक वापराच्या रंगांना तो लागू नाही, आणि वेल्डिंगच्या दुकानात तसे रंग असू शकतात. म्हणून डब्यावरील मजकूर वाचून घरगुती वापराचा ऑइल पेंट घ्या किंवा पावडर कोटिंग करून घ्या. पाइपची उघडी तोंडे बंद करणे, वेल्डिंगचे दाणे घासून काढणे आणि पायांना रबरी बूच बसवणे ही कामे बिल देण्यापूर्वी हाताने चाचपून पाहा.

10. बाक वर्गात कोठे ठेवावा आणि शेजारी कोण

उंच मुलाला सरळ शेवटच्या बाकावर पाठवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मागच्यांना फळा दिसावा हे खरे, पण त्यासाठी वर्गाच्या डाव्या किंवा उजव्या कडेची रांग पुरते. तेथे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतही उंच मूल कोणाच्या आड येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या किंवा चष्मा असलेल्या उंच मुलासाठी तर कडेची पुढची जागाच मागून घ्यावी.

दोघांच्या बाकावर दुसरे मूल कोण हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. वाढवलेल्या बाकावर आमच्या मुलीशेजारी तिची 128 सेंमी उंचीची मैत्रीण बसली आणि आता तिचे पाय अधांतरी राहू लागले. दोघींची ताटातूट नको म्हणून मैत्रिणीच्या बाजूला खालच्या आडव्या पाइपवर पाय ठेवण्यासाठी एक फळी बसवून घेतली. डेस्क तिला तरीही थोडा उंच पडत होता. महिन्याभराने बाईंनी वर्गातील दोन नंबरची उंच मुलगी तेथे बसवली. शक्य असेल तर सुरुवातीलाच दोन उंच मुलांची जोडी लावा.

एकाच मुलाचा बाक वेगळा दिसला की वर्गात चिडवाचिडवी होते. बाईंनी यावर काढलेली युक्ती अशी की त्यांनी एका दिवशी सगळ्या वर्गाची मापे घेतली आणि मुलांकडूनच त्यांचा तक्ता फळ्यावर करून घेतला. त्यात आणखी तीन मुलांना बाक बुटका आणि पाच जणांना उंच पडत असल्याचे निघाले. त्या पाचांसाठी पायाखाली पाट आले, आणि माझ्या मुलीच्या बाकाची चर्चा संपली.

11. पुन्हा मोजा

या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंमी वाढते आणि वयात येण्याच्या काळात मुलीची उंची एका वर्षात आठ सेंमीपर्यंतही वाढू शकते. जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, असे वर्षातून दोनदा ती चार मापे पुन्हा घ्या आणि त्याच कागदावर जुन्या आकड्यांशेजारी लिहा. लवणीचे माप दोन सेंमींनी वाढले की आतला पाइप एक भोक खाली सरकवायची वेळ आली असे समजा. आमच्याकडे ती वेळ दिवाळीनंतर लगेच आली. पाना घेऊन गेले आणि दहा मिनिटांत काम झाले.